कुंकवाचा अंगठा

चैत्राचा महिना, नागपूरचं ऊन, आणि मंत्रीणबाईंनी माझ्या ओटीत लोकरीची शाल घातली.

खण नाही, नारळ नाही, शाल. जांभळी, जाडजूड, काठाला भरतकाम केलेली. मी पदर पसरून उभी होते, तो त्या वजनानं खाली गेला. मुळात हळदीकुंकू माझं, घर माझं, आलेल्या बायकांची ओटी मी भरायची. ह्या बाई उलट माझीच ओटी भरायला निघालेल्या.

“शाल?” मी म्हटलं. “विमलताई, इथं पंख्याखाली बायका वितळताहेत.”

“असू द्या हो, द्वारकाबाई,” त्या गोड हसल्या. “थंडीच्या गावी जायचं म्हणजे जवळ असलेली बरी.”

“कोण जातंय थंडीच्या गावी?”

“आता कोण कधी कुठं जाईल, सांगता येतं का?” असं म्हणून त्यांनी पन्ह्याचा पेला उचलला आणि काठावरून माझ्याकडे बघत घोट घेतला. मी शाल घडी करून गौरीच्या शेजारी ठेवली.  

ते आणीबाणीचं वर्ष. आमचे हे, न्यायमूर्ती नीळकंठ आष्टीकर, हायकोर्टातले ज्येष्ठ जज. तालुक्याच्या मुन्सफीपासून इथवर यायला अठ्ठावीस वर्षं लागली. तेवढ्यात अकरा वेळा मी संसार ट्रंकांत भरला आणि अकरा वेळा काढला. आता पुढची चीफची खुर्ची यांचीच, असं वकील लोक उघड म्हणायचे. पण यांच्यापुढे पाच माणसांचा खटला आला. गुन्हा नाही, आरोप नाही, वर्ष होत आलं तरी तुरुंगात. निकाल सोमवारी सकाळी अकराला होता. माझं हळदीकुंकू आदल्या दिवशी, रविवारी.

घरात कोर्टाचं बोलायचं नाही हा आमचा नियम. मला तशी गरजही नव्हती. यांच्या मनात निकाल ठरला की हे ताकभात दोनदा घेतात. शनिवारी दोनदा घेतला. मी समजले, पाची सुटले.

नियम यांनी एकदाच मोडला, त्या शनिवारच्या ताकभातानंतर. “द्वारका,” हे म्हणाले, “दोन जजांच्या बदल्या झाल्या. दोघांनीही अशाच लोकांना सोडलं होतं. माझाही हुकूम निघाला असेल. सोमवारी अकराच्या आत तो माझ्या हातात पडला, तर मला त्या खुर्चीत बसता येणार नाही. मग ते पाच जण पुन्हा पहिल्यापासून. दुसरं बेंच, दुसरी तारीख.”

“आणि अकरानंतर पडला तर?”

“मग पडू दे. तू ट्रंका काढ.”

“आणि चीफची खुर्ची?”

“ती लाकडाची असते, द्वारका.” आणि हे हात धुवायला उठले.

त्या पाचांत एक वाघाडे गुरुजी होते, प्राथमिक शाळेतले. त्यांची बायको तुळसा आमच्या बंगल्यासमोरच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, येऊन बसायची. काही मागायची नाही, बोलायची नाही. सकाळी यायची, यांची गाडी कोर्टात गेली की उठायची. खटला चालू असताना तिला आत घेणं तर सोडाच, पाण्याचा तांब्यासुद्धा पाठवायचा नाही, अशी यांची ताकीद होती. मी आयुष्यात पुष्कळांना तोंडावर बोलले आहे आणि कुणाबद्दल वाईट वाटून घेतलेलं नाही. पण भर चैत्रात दारासमोर बसलेल्या सवाष्णीला पाणी दिलं नाही, ते मला आजही लागतं. त्या रविवारी कोर्ट बंद होतं, तरी ती येऊन बसली होती.

तर हळदीकुंकू. दिवाणखान्यात गौरीची आरास केली होती. पायऱ्यांना एक स्टूल कमी पडत होतं म्हणून सकाळीच मी फोनखालचं स्टूल काढून घेतलं आणि फोन जमिनीवर, कोरलेल्या कलिंगडामागे ठेवला. रिसीव्हर कधी बाजूला पडला मला कळलं नाही. देवाशपथ, तो योगायोग होता. पुढचं मात्र काहीच योगायोग नव्हतं.

बावन्न बायका आलेल्या. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, अत्तर, नुसता कल्ला. हे पलीकडच्या खोलीत दार लावून निकालपत्र तपासत बसलेले. बायकांच्या गर्दीत हे मेले तरी पाऊल टाकत नाहीत. विमलताई शाल देऊन जाईनात. एरवी मंत्रीणबाई म्हणजे पाच मिनिटं, कुंकू लावलं की मोटारीत. त्या दिवशी गौरीसमोर मांडी ठोकून बसल्या आणि दर दोन मिनिटांनी फाटकाकडे बघायला लागल्या.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण फाटकाकडे बघणारी बाई कशाची वाट बघते, ते कळायला कॉलेज लागत नाही.

आणि फाटक वाजलं. सायकल घेऊन सदाराम तारवाला.

ह्या सदारामची आणि माझी जुनी ओळख. संक्रांतीला मुलाची तार घेऊन आला, तेव्हा नव्यानंच या भागात आलेला होता. नऊवारीतली बाई बघून त्यानं सरळ शाईचं पॅड पुढं केलं. मी त्याला उन्हात उभा करून ऐकवलं. “अंगठा? वर्ध्याच्या शाळेत चौथीला पहिली आले मी. मास्तरांनी पितळी दौत दिली बक्षीस. माझी सही बघायची तर टोपी काढून बघ!” मग सगळी सही केली, द्वारका नीळकंठ आष्टीकर, ऱ्हस्व-दीर्घासकट. मला वेळ लागतो. अक्षर टपोरं काढते ना. तेव्हापासून तो आला की पेन्सिल आधी काढायचा, टोपी नंतर.

“बाई, तार आहे,” सदारामनं पेन्सिल पुढं केली, मग टोपी काढली. “जरुरी दिसते. दिल्लीची हाय.”

 विमलताईंच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मला गौरीपुढची समई फिकी वाटली.

मी पेन्सिलीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. उजवा अंगठा कुंकवानं माखलेला होता, बावन्न कपाळांना लावून लावून. आणि मी तो सदारामच्या पावतीवर टेकवला.

सदारामचं तोंड उघडंच राहिलं. “बाई, तुमी तं...”

“हात भरलेत रे माझे,” मी म्हटलं. “पन्हं पी आणि जा. उन्हात बोलू नये फार.”

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा शालीकडे, एकदा पावतीवरच्या लाल अंगठ्याकडे. टोपी घातली, पन्हं एका घोटात संपवलं आणि गेला. शहाणा माणूस.

“अगं बाई, दिल्लीची तार!” आमच्या शेजारच्या सुधाताई उठल्या. ह्या वकिलाची बायको, बी.ए. झालेल्या, आणि ते विसरू न देणाऱ्या. “आणा इकडे, द्वारकाकाकू, मी वाचून दाखवते.”

हे संकट मी धरलंच नव्हतं. एक पाऊल पुढं आल्या असत्या तर सगळं संपलं असतं, कारण वाचून झालं की बावन्न तोंडं आणि पलीकडच्या दाराला कान.

“सुधा, खाली बस,” मी म्हटलं. “साहेबांच्या नावचा कागद या घरात बायका फोडत नाहीत. तुझ्याकडे फोडतात का?”

ती लाजून बसली. तिच्याकडे फोडतात, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

“मग साहेबांना द्या ना आत नेऊन,” विमलताई म्हणाल्या. आवाजात मध होता. “महत्त्वाची असेल.”

“महत्त्वाची असणारच!” आणि इथं माझ्या अंगात काय संचारलं मला माहीत नाही. हसू असं आतून उसळून आलं की वय विसरले. “अहो, कळत कसं नाही तुम्हांला? चीफची तार! एवढी वर्षं वाट बघतोय आम्ही. आणि आली कधी? विमलताई घरात पाऊल टाकतात काय, मागोमाग तार येते काय! पायगुण म्हणतात तो हा!”

“अहो, पण मी...”

“तुमचं मन मोठं, तुम्ही नाहीच म्हणणार. बायांनो, ह्यांना आधीपासून माहीत होतं हो! म्हणूनच तर शाल आणली. मानाची शाल! विमलताई, खरं सांगा, तुम्हांला तारेतलं माहीत होतं की नाही?”

बिचारीनं काय सांगावं? होय म्हणावं, तर सरकारचा हुकूम मंत्र्याच्या बायकोला आधी कसा कळला? नाही म्हणावं, तर मग शाल कशाची? तिचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मी त्यात संत्र्याची बर्फी कोंबली.

मग जो धुमाकूळ झाला! बायकांनी मला घेरलं. कुणी माझ्याभोवती फुगडीचा ताल धरला, कुणी गौरीचं गाणं उचललं. दोन किलो बर्फी पाच मिनिटांत उडाली. मी विमलताईंचे दोन्ही हात धरून त्यांनाही फुगडीला ओढलं, आणि मंत्र्याची बायको माझ्या दिवाणखान्यात अशी गरगर फिरली की त्यांचं घड्याळ निखळून हरभऱ्यांत पडलं. या गडबडीत मी तार गौरीच्या पाटाखाली सरकवली.

गौर एकदा बसली की अक्षय्यतृतीयेपर्यंत तिचा पाट हलवत नाहीत. हे मी केलेलं नाही, माझ्या सासूच्या सासूपासून आहे.

संध्याकाळी बायका गेल्यावर हे खोलीतून बाहेर आले. “केवढा गोंधळ होता. फुगड्या कसल्या?”

“चैत्र आहे.”

“कुणी आलं होतं?”

“बावन्न जणी.”

“काही टपाल?”

“रविवारी कुठलं टपाल?” मी म्हटलं. तार म्हणजे टपाल नव्हे. जजाच्या घरात राहून मी एवढं शिकले आहे, की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

यांनी गौरीला नमस्कार केला. शालीकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग कलिंगडामागचा फोन बघितला, त्याचा बाजूला पडलेला रिसीव्हर बघितला, आणि ताकभाताला बसले. पुन्हा दोनदा घेतला.

सोमवारी हे साडेदहाला गेले. मी पुलियाकडे बघत ओसरीवर बसले. बारा वाजता कोर्टाचा चपराशी सायकल मारत आला, फाटकातूनच ओरडला, “आईसाहेब, पाची सोडले! साहेबांनी उभं वाचलं!” हे पुलियावर ऐकू गेलं. तुळसा उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. आता खटला संपला होता. मी तिला हात धरून आत आणलं, आधी तांब्याभर पाणी दिलं, मग खणानारळानं ओटी भरली. ती माझ्या पायांवर पडायला लागली. मी म्हटलं, “मला नको पडू, मी काय केलं? जा, तुरुंगाच्या दारात जा, मास्तर चुकून दुसरीकडे जातील.” तीन वाजता पाचही जण बाहेर होते.

हे घरी आले ते दीडला. कोर्टात दिल्लीहून फोन आला होता. दारातच विचारलं, “काल तार आली होती?”

“आली होती. गौरीखाली आहे.”

यांनी पाट न हलवता दोन बोटांनी तार ओढून काढली, फोडली, वाचली. डोंगरातलं, देशाच्या दुसऱ्या टोकाचं हायकोर्ट. चीफची खुर्ची गेली ती गेलीच. हे एवढंच म्हणाले, “शाल बरी आहे ना ऊबदार?”

“उत्तम आहे. त्या बाईनं हात आखडता घेतलेला नाही.”

मला वाटलं, झालं. पण आठ दिवसांनी मुंबईहून एक सेक्रेटरी आला, दाभाडे नावाचा. तार रविवारी चार वाजता पोचली, मग सोमवारी निकाल कसा? जजांना हुकूम माहीत होता आणि तरी ते बसले, असं ठरलं तर निकालच बाद. पाची जण परत आत. वाघाडे गुरुजींना शाळेवर रुजू होऊन चारच दिवस झाले होते.

माझी जबानी दिवाणखान्यात झाली. हे बाहेर ओसरीवर पेपर घेऊन बसले. नवऱ्यासमोर बायकोची जबानी नको, असं यांनीच सांगितलं होतं. दार उघडं होतं. पेपरचं पान काही उलटत नव्हतं. सदारामलाही बोलावलं होतं, तो टोपी मुठीत धरून कोपऱ्यात उभा.

दाभाडेनं पावती समोर धरली. “हा अंगठा कुणाचा?”

“माझा. कुंकवाचा आहे, जपून धरा.”

“तार आली हे साहेबांना का सांगितलं नाही?”

“मला वाटलं बढतीची आहे. गोड बातमी गौरीच्या पायाशी ठेवली. बावन्न बायकांत बर्फी वाटली. मंत्रीणबाईंनी खाल्ली, त्यांना विचारा.”

त्यांना विचारायची त्याची टाप नव्हती. “तुमचं शिक्षण, बाई?”

“आमच्या वेळी मुलींना कोण शिकवत होतं हो?”

“इंग्रजी येतं?”

“नाही.” हे अगदी खरं होतं.

तो सदारामकडे वळला. “तू नेहमी तारा आणतोस इथं. ह्या बाईंना लिहिता-वाचता येतं का?”

सदारामनं टोपी पिळली. “साहेब, मी तारा वाटतो. परीक्षा नाई घेत कोनाची.”

जुन्या पावत्या काढून बघितल्या असत्या तर माझी टपोरी सही सहा ठिकाणी सापडली असती. पण दाभाडेनं आल्या आल्या, मला एक शब्द विचारायच्या आधी, टेबलावर शाईचं पॅड उघडून ठेवलेलं होतं. नऊवारी बघितलं आणि त्याला पावत्या काढायची गरजच उरली नाही.

त्यानं जबानी वाचून दाखवली. मग कागद माझ्यासमोर सरकवला. एका बाजूला पॅड. दुसऱ्या बाजूला, चुकून राहिलेलं, त्याचं पेन. “सही येते, की अंगठा?”

बढतीची थाप सोडली तर तोवर मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. आणि या प्रश्नाचं खरं उत्तर तर फार जोरात तोंडाशी आलं होतं. वर्ध्याची शाळा. टोपी घातलेले मास्तर. चौथीच्या सगळ्या मुलांत पहिली आले म्हणून हातात ठेवलेली पितळी दौत, आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी शाळेतून काढलं तेव्हा रडत रडत घरी आणलेली तीच दौत. आयुष्यभर मी जे एक मिरवलं, ते एवढंच. दागिने तर सगळ्यांकडे असतात.

ओसरीवर पेपर खाली आला होता.

मी काळ्या शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. अंगठा खोटा नव्हता. माझाच होता.

दाभाडे गेला, जाताना माझ्याकडे असं बघून गेला, जसं लोक देवळाबाहेरच्या म्हातारीकडे बघतात. मला बोलायचं तर तोंडभर होतं. मी गिळलं. पाच माणसं तोंडात असल्यावर दुसरं काय करणार?

तेव्हापासून हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक निरोप समारंभात ती गोष्ट सांगायचे. “आमच्या हिला इंग्रजी येत नाही. बदलीच्या तारेची बर्फी वाटली हो!” सगळे हसायचे, मीही हसायची. नातवंडं अजून सांगतात. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली, सरकारं आली आणि गेली, म्हणून आज खरं लिहून काढते आहे.

पण त्या दिवशीचं राहिलं. दाभाडेची गाडी फाटकाबाहेर पडली, आणि हे आत आले. स्वयंपाकघरातून तांब्या आणि लिंबाची फोड घेऊन आले. अठ्ठावीस वर्षांत स्वयंपाकघरात लिंबं कुठं असतात हे यांना माहीत आहे, हेच मला त्या दिवशी कळलं. माझा अंगठा हातात घेऊन हे लिंबानं घासायला लागले. शाई निघेना.

“चौथीत तुझा नंबर कितवा होता?” यांनी मान वर न करता विचारलं.

“पहिला. तुम्हांला माहीत आहे.”

“कोर्टाला पुन्हा ऐकायचं होतं.”

मग हे माझ्या कपाटातून पितळी दौत घेऊन आले. तीत स्वतःच्या टेबलावरची शाई ओतली. समोर एक कागद ठेवला, रेल्वेनं पाठवायच्या ट्रंकांची यादी. ट्रंका चौदा. बारावा संसार.

“यावर सही लागते,” हे म्हणाले. “घरच्या मालकिणीची. पूर्ण नाव.”

“वेळ लागेल,” मी म्हटलं.

“लागू दे.”

मी टाक बुडवला. द्वारका नीळकंठ आष्टीकर, ऱ्हस्व-दीर्घासकट, टपोऱ्या अक्षरात. आणि ते संपेपर्यंत हायकोर्टाचे न्यायमूर्ती माझ्याशेजारी दौत धरून उभे राहिले.